पेशीला जात नसते, मग कार्ड का लपवायचे?



लग्नसराई आली की आपल्या वस्त्यांमध्ये बायोडाटा फिरू लागतात. मुलाचे शिक्षण किती, नोकरी पक्की की कंत्राटी, घर स्वतःचे की भाड्याचे, सगळे विचारले जाते. पत्रिका आपण जुळवत नाही आणि त्याचा आपल्याला अभिमान असलाच पाहिजे. पण साक्षगंधाआधी खरोखर जुळवून बघावी अशी एक गोष्ट आहे आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही. विचारली तर समोरचे घर नाराज होते. ती गोष्ट म्हणजे सिकलसेलची रक्ततपासणी.

विदर्भातल्या बौद्ध घरांना हे नाव नवीन नाही. हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडणारे, डोळे पिवळे पडणारे, दर दोन-तीन महिन्यांनी दवाखान्यात भरती होणारे मूल बहुतेक मोहल्ल्यांमध्ये कुणी ना कुणी पाहिलेले असते. तरी बोलणे मात्र कुजबुजत चालते. मी आधी वॉर्डात नर्स म्हणून काम केले, आता वस्त्यांमध्ये तपासणीसाठी फिरते. दोन्ही ठिकाणी माझे एकच मत झाले आहे. तपासणी प्रत्येकाने करून घ्यावी आणि तपासणीत जो वाहक निघेल त्याला कुणीही कमी लेखू नये. यातली एकच गोष्ट केली आणि दुसरी सोडली तर फायद्यापेक्षा नुकसानच होते. असे का, हे समजून घ्यायला आधी आपल्या रक्तातली एक पेशी नीट बघावी लागेल.

पेशी म्हणजे काय

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी डोळ्यांना दिसत नाही, पण ती जिवंत असते. ती अन्न घेते, त्यातून शक्ती काढते, नको ते बाहेर टाकते. तिच्याभोवती एक पातळ पडदा असतो, त्याला पेशीपटल म्हणतात. आत काय येऊ द्यायचे आणि बाहेर काय सोडायचे ते हा पडदा ठरवतो. आत पेशीद्रव्य असते, शक्ती तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात, प्रथिने बनवणारे रायबोझोम असतात. मध्यभागी केंद्रक असते. केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात, २३ आईकडून आलेली आणि २३ वडिलांकडून आलेली. या गुणसूत्रांवर जनुके असतात. कोणते प्रथिन कसे बनवायचे याची लेखी सूचना म्हणजे जनुक. बहुतेक सूचनांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता लाल पेशी बघू. ती हाडाच्या आतल्या मगजात तयार होते. निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या लाल पेशी तयार होतात. रक्तात उतरण्यापूर्वी ही पेशी आपले केंद्रक बाहेर टाकून देते. तंतुकणिकाही तिच्यात राहत नाहीत. अशी रिकामी केलेली जागा ती हिमोग्लोबिनने भरते. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे २५ कोटींहून अधिक रेणू मावतात. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीरातल्या प्रत्येक पेशीपर्यंत पोचवायचा, हे त्यांचे काम. जो प्राणवायू ती वाहून नेते त्यातला ती स्वतःच्या शक्तीसाठी वापरत नाही. साखरेपासून मिळणाऱ्या थोड्या शक्तीवर ती सुमारे १२० दिवस राबते. मग पानथरी आणि यकृत तिला मोडीत काढतात आणि तिच्यातले लोह पुन्हा नव्या पेशींसाठी वापरले जाते.

तिचा आकारही कामाला साजेसा असतो. दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली गोल चकती, रुंदी सात ते आठ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. शरीरातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या तिच्याहूनही अरुंद असतात. तरी ती मऊ असल्यामुळे वाकून, दुमडून त्यातून निघून जाते. सिकलसेलमध्ये हा मऊपणाच जातो.

एका अक्षराचा फरक

हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे बनलेले असते. त्यातल्या बीटा नावाच्या साखळीत १४६ कड्या असतात, त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. सिकलसेलमध्ये फक्त सहावी कडी बदललेली असते. तिथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, कारण जनुकातल्या सूचनेत एकच अक्षर वेगळे असते. अशा हिमोग्लोबिनला ‘एस’ म्हणतात, नेहमीच्याला ‘ए’.

प्राणवायू जवळ असेपर्यंत ‘एस’ हिमोग्लोबिन ठीक वागते. प्राणवायू देऊन झाला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे लांब, ताठ दांडे तयार होतात. आतून दांडे ताणले गेले की गोल पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. मग ती बारीक वाहिन्यांत अडकते, तिच्यामागे दुसऱ्या अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते. हाडे, छाती, पोट, जिथे अडेल तिथे असह्य वेदना उठतात. यालाच आपण क्रायसिस म्हणतो. वाकलेली पेशी १२० दिवस जगत नाही, दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते. फुटलेल्या पेशींतल्या रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे दिसतात. त्याला साधी कावीळ समजून झाडपाला देत बसू नका.

एवढे कळले तर या आजारात करणी, बाहेरची बाधा, आधीच्या जन्माचे पाप यांना कुठेच जागा नाही हेही कळते. शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० मध्ये या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखवले. १९५०च्या दशकात व्हर्नन इनग्राम यांनी ती बदललेली कडी शोधून काढली. आपल्या देशात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये याची पहिली नोंद झाली. धम्मवंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे या आणि स्वतः बघा. सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी कुणालाही बघता येते.

वाहक म्हणजे रोगी नाही

आता त्या दोन प्रतींकडे येऊ. आईकडून ‘एस’ आणि वडिलांकडूनही ‘एस’ आला तर मूल ‘एसएस’ होते. तो आजार. एकीकडून ‘ए’ आणि एकीकडून ‘एस’ आला तर ते ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाच्या लाल पेशीत दोन्ही हिमोग्लोबिन असतात आणि ‘ए’चा वाटा जास्त असतो. त्यामुळे रोजच्या आयुष्यात पेशी वाकत नाही. वाहकाला औषध लागत नाही. तो शिकतो, राबतो, खेळतो, संसार करतो. वाहक बाई आई होऊ शकते. वाहकपण हे आजाराची पहिली पायरी नाही, ‘एएस’चे पुढे कधी ‘एसएस’ होत नाही.

उलट एक गोष्ट ऐका. वाहकांना लहानपणी जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणूनच जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकले. आफ्रिकेत टिकले, ग्रीसमध्ये टिकले, अरबस्तानात टिकले, ओडिशा, छत्तीसगड, गुजरात आणि आपल्या विदर्भातही टिकले. ज्याला आज आपण खोट म्हणून लपवतो, त्याने आपल्या कितीतरी पूर्वजांना जगवले असेल.

प्रश्न येतो तो दोन वाहकांचे लग्न झाल्यावर. तेव्हा प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण ‘ए’ असण्याची चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन चांगली असा याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते. वाहकाचे लग्न ‘एए’ माणसाशी झाले तर सिकलसेलचा रोगी जन्माला येत नाही. एवढे सरळ गणित आहे. म्हणजे वाहकाला लग्न नाकारण्याचे कारणच उरत नाही. फक्त जोडीदाराचा रिपोर्ट बघायचा.

पण आपल्याकडे काय होते? मुलगी वाहक आहे असे कळले की मुलाकडचे स्वतःच्या मुलाची तपासणी न करताच निरोप पाठवतात. मुलगा वाहक असेल तर घरातले कार्ड कपाटात जाते. लग्नानंतर आजारी मूल झाले की दोष सुनेच्या माथी मारला जातो. जनुकांच्या गणितात आईची एक प्रत आणि बापाची एक प्रत, अगदी बरोबरीचा वाटा. ‘एसएस’ मूल एकट्या आईमुळे होऊच शकत नाही. ज्या समाजाने शिवाशीव सोसली त्याने आपल्याच लेकीला एका कार्डामुळे बाजूला बसवावे, ही माझ्या मते लाजेची गोष्ट आहे.

बाबासाहेबांनी सांगितलेला रस्ता

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिले, ते देऊ दिले गेले नाही आणि १९३६ मध्ये त्यांनी ते पुस्तकरूपाने छापले. जात रक्ताची शुद्धता टिकवते हा दावा त्यांनी त्यात खोडून काढला आणि जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हा सांगितला. त्यांचा मुद्दा माणसामाणसांत आपलेपणा निर्माण करण्याचा होता. आज पेशीशास्त्र त्याला आणखी एक कारण जोडते. एका लहान गटातच पिढ्यानपिढ्या सोयरिकी होत राहिल्या की त्या गटातले जनुक त्याच गटात फिरत राहते आणि दोन वाहक समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. हे दार आपण बंद केले नव्हते, जातीने केले होते. पण १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारल्यानंतरही आपण सोयरीक जुन्या पोटजातीतच शोधत असू, तर आता ते दार आपणच धरून बसलो आहोत.

एक सावधगिरी सांगते. जातीबाहेर लग्न केले म्हणजे तपासणी नको असे समजू नका. थॅलेसेमियाचे जनुक अनेक समाजांत आढळते. एकाकडे ‘एस’ आणि दुसऱ्याकडे बीटा थॅलेसेमियाचे जनुक असेल तरी मुलाला सिकलसेलसारखाच त्रास होऊ शकतो. लग्न कुणाशीही करा, दोघांचे रिपोर्ट बघून करा.

पँथरचा विसरलेला धडा

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्यांचा संताप आपण घेतला, पण त्यांचे एक काम आपल्याकडे फारसे पोचले नाही. १९७१ पासून ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांनी काळ्या लोकांच्या वस्त्यांमध्ये सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली. आमच्या आजाराकडे सरकार लक्ष का देत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. १९७२ मध्ये अमेरिकेने सिकलसेलसाठी वेगळा कायदा केला.

पण त्याच काळातली दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. तिथल्या काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, समजावून मात्र सांगितले नाही. वाहक आणि रोगी यांतला फरक लोकांना कळला नाही आणि धडधाकट वाहकांना नोकरीत व विम्यात अडवले गेले. म्हणून मी म्हणते, समुपदेशनाशिवाय तपासणी नको. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात द्यावा, शिबिरात माइकवरून नावे वाचू नयेत आणि विहाराच्या फळ्यावर यादी लावू नये.

घरात काय करावे

लाल पेशीतले पाणी कमी झाले की ‘एस’चे रेणू जवळ येतात आणि लवकर चिकटतात. म्हणून रोग्याने दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. थंडी, ताप, उन्हातले कष्ट, जागरण यांनीही क्रायसिस येतो. थंडीत अंग झाकून ठेवावे. फोलिक आम्लाची गोळी रोज घ्यावी. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत, कारण या आजारात रक्त कमी असले तरी लोह कमी असतेच असे नाही. लसी चुकवू नयेत. न्यूमोनियाची लस तर नक्कीच घ्यावी, कारण या मुलांची पानथरी लवकर निकामी होते आणि जंतूंशी लढण्याची ताकद कमी पडते.

बाळ पहिले पाच-सहा महिने ठीक दिसते. पोटातल्या वयाचे हिमोग्लोबिन तेव्हा त्याच्या रक्तात भरपूर असते आणि ते पेशी वाकू देत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. क्रायसिस कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी रक्त तपासत घ्यायचे असते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. मूल हवे असेल तर नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोला.

ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक पांढरेफटक पडून पोटाच्या डाव्या बाजूला फुगणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट बघू नका. तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

तपासणीबद्दलही एक खुलासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी सोल्युबिलिटी टेस्ट फक्त ‘एस’ आहे की नाही एवढे सांगते. वाहक की रोगी हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. ती झाल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नका. दोघेही वाहक असाल आणि दिवस गेले असतील तर पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या बाईचा, सासूचा किंवा नातेवाइकांचा नाही.

मागायचे काय

सगळी जबाबदारी घरावर टाकून सरकार मोकळे होऊ शकत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे आणि तो असायलाच हवा. पण विदर्भात अनुसूचित जातींमध्येही हे जनुक मोठ्या प्रमाणात आहे. शहरातली झोपडपट्टी त्या नकाशातून सुटू नये, हे आपल्यालाच सांगावे लागेल.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले तर उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागांचा लाभ मिळतो. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताच्या आजारांना जागा दिलेली नाही. शिकायला दार उघडे आणि कमवायला बंद, हे कसले धोरण? ही मागणी आपल्या संघटनांनी हातात घ्यायला हवी.

शाळेकडेही मागणी आहे. या मुलांचे मूत्रपिंड पाणी नीट राखून ठेवू शकत नाही, त्यामुळे त्यांना वारंवार लघवीला जावे लागते आणि पुन्हा पाणी प्यावे लागते. शिक्षक वर्गातून सोडत नाहीत, संडास घाण असतो, म्हणून मुली पाणी पिणेच बंद करतात. नळाला दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीतही हेच घडते. पाण्याच्या हक्कासाठी आपण १९२७ मध्ये महाडला गेलो होतो. सिकलसेलच्या मुलासाठी प्यायचे पाणी हे औषधच आहे.

आणि दवाखान्यांना सांगणे आहे. क्रायसिसच्या वेदनेने कण्हणाऱ्या पोराला ‘नाटक करतो’, ‘इंजेक्शनची सवय लागली’ असे म्हणताना मी ड्युटीवरच्या लोकांना ऐकले आहे. रोगी वेदना सांगतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा, त्याला ताबडतोब वेदनाशामक आणि गरज असेल तर सलाईन द्यावे. यासाठी नव्या यंत्राची गरज नाही.

नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली ती सिकलसेलच्या रुग्णांसाठी केलेल्या कामामुळे. हे काम आपल्यातूनच उभे राहू शकते हे त्यांनी दाखवले. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. तीन महिने विहारात ग्रंथवाचनासाठी घरोघरची माणसे जमतात. त्यातला एक रविवार तपासणीसाठी ठेवा. विहार समितीने आरोग्य केंद्राला आधी पत्र द्यावे, समुपदेशक येणार की नाही ते विचारून घ्यावे. सुरुवात समितीच्या अध्यक्षांपासून आणि लग्नाच्या वयाच्या मुलांपासून करावी, मुली नंतर. अध्यक्षांचा रिपोर्ट ‘एएस’ निघाला आणि त्यांनी तो आपल्या तोंडाने सांगितला, तर त्या दिवशी वस्तीतली अर्धी भीती संपेल.